पंधरा फेरे

गॅरेजची फरशी धुवायची होती, म्हणून एका रविवारी सकाळी मी आणि माझा धाकटा भाऊ अशा दोघांनी गाडी हातांनी ढकलून बाहेर काढली. इंजिन सुरू करावे एवढे ते अंतर नव्हते. जेमतेम पंधरा मीटर. तो मागून ढकलत होता आणि मी चालकाच्या बाजूचे दार उघडे ठेवून, एक हात स्टिअरिंगवर आणि खांदा दाराच्या चौकटीला लावून पुढे रेटत होते. अशा वेळी माझी नजर सवयीने डॅशबोर्डवरच्या मीटरकडे जाते. काटा शून्याच्या खुंटीला टेकून होता आणि त्यात नवल नव्हते. माणसाच्या चालीएवढ्या वेगाला तो पूर्वीही जागचा हलत नसे. पण त्याच्या खालच्या खिडकीतले सर्वांत उजवीकडचे चक्र, किलोमीटरचा दहावा भाग मोजणारे, तेही हलले नाही. पूर्वी ते हलत असे. पंधरा मीटरमध्ये ते एका अंकाच्या साधारण सातव्या भागाएवढे सरकत असे, आणि इतकी वर्षे ते चक्र पाहत आलेल्या डोळ्यांना तेवढे सरकणेही कळत असे. त्या सकाळी गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली होती, आणि गाडीतच बसलेल्या मोजणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

किल्ली बंद होती, एवढेच त्याचे कारण.

मीटरला हात लावावा असे माझ्या मनात कधीच नव्हते. बदलावा लागला तो गिअरबॉक्स. गाडी १९६०च्या दशकातली. जुन्या गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचे दाते झिजले होते, बेअरिंगचा सूर वर्षागणिक चढत चालला होता, आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर नंतरच्या काळातला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जुन्याच्या शेपटीकडे एक लहानसे तोंड होते. आतल्या शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखे दाते कोरलेले, त्यांना लागून एक छोटे दातेरी चाक, आणि त्या चाकाच्या भोकात बसणारे, मीटरला फिरवणाऱ्या केबलचे चौकोनी टोक. नव्या गिअरबॉक्सला ते तोंडच नव्हते. त्या जागी तीन तारांचा सेन्सर होता: एक तार वीज आणणारी, एक अर्थची आणि एक निरोपाची. वाहत्या विद्युतप्रवाहाजवळ चुंबकीय क्षेत्र आले की प्रवाहाला आडवा असा अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. तो सेन्सर त्याच गुणावर चालतो. समोरून दाता गेला की एक स्पंद, दुसरा दाता गेला की दुसरा स्पंद. गाडीचे चालणे त्या तारेतून अशा सुट्या स्पंदांनी वर येते.

जुनी केबल मी स्वतःच्या हातांनी काढली. बाहेरची नळी तशीच राहू दिली आणि मीटरच्या बाजूने आतली पोलादी दोरी हळूहळू ओढत गेले. बारीक तारांचे थर एकावर एक, प्रत्येक थराचा पीळ खालच्याच्या उलट, म्हणजे फिरताना ती उलगडू नये. दीड मीटरची ती दोरी काळ्या ग्रीसने माखलेली होती आणि तिला जुन्या तेलाचा एक जड, गोडसर वास होता. एके ठिकाणी, जिथे नळी पायाजवळून वळून वर जात होती, तिथे ती घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. थंडीच्या सकाळी काटा तीस आणि पन्नासच्या मध्ये का थरथरत असे, याचे उत्तर त्या चकचकीत बोटभर जागेत होते. ग्रीस आळलेले असे, दोरी त्या वळणावर अडे, खालून पीळ चढत राही, आणि मग एकदम सुटून ती झटक्याने फिरे. काटा बिचारा तो प्रत्येक झटका जसाच्या तसा दाखवत असे. त्याबरोबर डॅशबोर्डमागून टकटक आवाज येई. गाडीतल्या सतरंजीवर त्या जागी पाय ठेवला तर पोटरीजवळ एक बारीक कंप जाणवत असे. गाडी किती वेगात आहे हे मला कित्येकदा काट्याआधी त्या कंपावरून समजे. हे दोष होते, आणि केबल बदलून ते गेलेही असते. पण ती दोरी वर्तमानपत्रावर वेटोळे करून ठेवताना मला वाटले की गाडीच्या अंगातून आपण काहीतरी काढून घेतो आहोत, आणि ते वाटणे मी तेव्हा ग्रीसच्या वासावर ढकलून दिले.

पुढचे काम माझ्या हातचे नव्हते. जुनी मीटरे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे मी ते घेऊन गेले. त्यांनी काचेभोवतीची चकाकती कडी अतिशय सावकाश, एका वेळी केसभर उचलत सोडवली; घाई केली की ती चिरते, आणि चिरली की पहिल्यासारखी पुन्हा बसत नाही, असे ते म्हणाले. आतले यंत्र बाहेर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि खालचे चौकोनी तोंड चिमटीत धरून गर्रकन फिरवले. काटा उठला, वर गेला आणि फिरणे थांबताच खाली आला. मग त्यांनी बोट दाखवले. केबल फिरवते ते एका लोहचुंबकाला. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी, आणि काटा जोडलेला आहे तो वाटीच्या दांड्याला. चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये काहीच नाही. फट आहे. त्यांनी वाटीवर हलकेच फुंकर घातली तर काटा शहारला.

मी ते यंत्र पुस्तकातल्या आकृतीत पाहिले होते, तरी ती फट मला माहीत नव्हती असेच म्हणायला हवे. माझी समजूत अशी होती की चाकापासून काट्यापर्यंत सगळे एकमेकांना धरून आहे. दात्यात दाता, टोकात टोक. प्रत्यक्षात शेवटच्या पावलावर हात सुटलेला होता. चुंबक फिरला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, ते प्रवाह स्वतःचे चुंबकत्व घेऊन येतात, आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. वाटीला धरून ठेवते ती घड्याळात असते तशी केसासारखी स्प्रिंग. जितका वेग तितकी ओढ, आणि ओढ व स्प्रिंग यांची बरोबरी होईल तिथे काटा उभा. फिरत्या तांब्याच्या तबकडीजवळ चुंबकसुई ओढली जाते हे आरागो यांनी १८२४ मध्ये पाहिले होते, पण ती का ओढली जाते हे कळायला फॅरडे यांच्या १८३१ मधल्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. त्या ओढीला तबकडी आणि काटा देऊन गाडीत बसवण्याची कल्पना ओटो शुल्झे यांची; त्यांचे पेटंट १९०२ चे. तेव्हापासून कोट्यवधी माणसांनी वेग पाहिला तो असा, एका मोकळ्या फटीपलीकडून आलेला.

त्या वाटीची आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती ऐकून मला त्या जुन्या कारागिरांबद्दल फार आदर वाटला. ॲल्युमिनियम तापले की त्यातून वीज कमी सहज वाहते, अंशामागे सुमारे ०.४ टक्के. म्हणजे उन्हात तापलेल्या गाडीत तोच वेग कमी दिसायला हवा. तो तसा दिसू नये म्हणून चुंबकाला लागून निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूची एक कडी बसवलेली असते. थंड असताना ती चुंबकत्वाचा काही भाग स्वतःतून वळवून नेते, आणि तापली की तिची ती ताकद कमी होऊन वाटीला अधिक वाटा मिळतो. उष्णता एका हाताने नेते ते दुसऱ्या हाताने परत येते. कुठे तार नाही, कुठे हिशेब करणारी चिप नाही. धातू निवडण्यातच हिशेब उरकलेला.

तीन मार्ग माझ्यासमोर होते. पहिला, मीटरची फक्त तबकडी आणि काटा ठेवायचा, आतले सगळे काढून त्या जागी नखाएवढ्या दांड्याची स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने सरकणारी मोटर, बसवायची. आजच्या गाड्यांच्या मीटरमध्ये असते तसली ही मोटर एका पावलात अंशाच्या तिसऱ्या भागाएवढी सरकते आणि ३१५ अंशांपर्यंत फिरते. तिचा काटा थरथरत नाही. आकड्यांच्या चक्रांच्या जागी मात्र छोटा डिजिटल पडदा येतो, आणि चाललेले अंतर चिपच्या स्मृतीत लिहिले जाते. त्यातही एक गंमतीची अडचण आहे. साधारण मायक्रोकंट्रोलरमधल्या, म्हणजे एका चिपवर मावणाऱ्या लहानशा संगणकातल्या, अशा स्मृतीचा एक कप्पा एक लाख वेळा लिहून चालतो, याची हमी असते. दर शंभर मीटरला त्याच कप्प्यात लिहीत गेले तर दहा हजार किलोमीटरमध्ये ती हमी संपते. म्हणून कप्पे बदलत लिहावे लागते, किंवा किल्ली बंद होताक्षणी कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात उरलेल्या विजेवर शेवटचा आकडा घाईघाईने टिपून ठेवावा लागतो. दुसरा मार्ग उपग्रहांचा. जीपीएसवरून मिळणारा वेग मोकळ्या रस्त्यावर अतिशय अचूक असतो, बोगद्यात शिरले की तो नाहीसा होतो, आणि गाडीच्या चाकांशी त्याचा काही संबंध नसतो. हे शेवटचे मला मानवले नाही. तिसरा मार्ग मी निवडला. सेन्सरचे स्पंद एका लहान डबीत जातात, डबीतला मायक्रोकंट्रोलर ते मोजतो, आणि त्या प्रमाणात एक छोटी मोटर फिरवतो. मोटरपासून वीतभर केबल निघते आणि ती जुन्याच मीटरच्या जुन्याच चौकोनी तोंडात बसते. चुंबक, वाटी, स्प्रिंग, आकड्यांची चक्रे, सगळे पूर्वीचे राहते. मीटरला कळतही नाही की त्याला फिरवणारे कोण आहे.

डबीला हिशेब शिकवणे हे काम मी मनापासून केले. मागच्या टायरवर आणि फरशीवर खडूने खूण केली, गाडीत माणसे बसवून ती बरोबर एक फेरा पुढे नेली, आणि दोन खुणांमधले अंतर मोजले: १.८८ मीटर. म्हणजे किलोमीटरला चाकाचे ५३२ फेरे. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ४.१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे ४.१ फेरे, त्यामुळे किलोमीटरला शाफ्टचे सुमारे २,१८१ फेरे. दर फेऱ्याला सेन्सरचे चार स्पंद, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ८,७२५. आणि मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत छापलेला आकडा १०००. त्याला एका किलोमीटरला केबलचे हजार फेरे हवेत. मीटरला एक फेरा म्हणजे रस्त्यावरचा एक मीटर. हे इतके सोपे प्रमाण पाहून मला आनंद झाला होता. टायर झिजला की यातला पहिलाच आकडा चुकू लागतो, हेही कागदावर मांडून पाहिले. सात मिलिमीटर रबर गेले की घेर ४४ मिलिमीटरने घटतो, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक. ही चूक जुन्या केबललाही होती. झिजलेला टायर कोणालाच काही सांगत नाही.

खरा पेच आला तो काट्याचा. त्या गृहस्थांनी मीटर मिनिटाला हजार फेऱ्यांवर फिरवून पाहिले. काटा ६० वर उभा राहायला हवा होता, तो ५४ वर उभा राहिला. इतक्या वर्षांत चुंबक क्षीण झाला होता. याचा अर्थ इतकी वर्षे मी समजत होते त्याहून अधिक वेगाने जात होते, आणि हे कळल्यावर काही जुने वळणरस्ते आठवून माझ्या पोटात गोळा आला. आजच्या गाड्यांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ सांगतो की मीटरने खऱ्या वेगाहून कमी कधीही दाखवू नये. अधिक दाखवले तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर यांच्या मर्यादेत. माझा काटा नेमका नको त्या बाजूला चुकत होता. डबीत हे दुरुस्त करणे क्षणाचे काम होते: मोटर नवास दहा या प्रमाणात जोरात फिरवायची की काटा बरोबर ६० वर. पण एकच केबल काट्यालाही फिरवते आणि चक्रांनाही. काटा खरा करायला गेले असते तर नऊ किलोमीटरचे दहा लिहिले गेले असते, आणि पुढे जन्मभर. डबी बसवून देणाऱ्या तरुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. गाडी विकायची नाही तर आकडा कोण बघतो, असे तो म्हणाला. मी बघते, हे मी त्याला सांगितले नाही. डबीचे प्रमाण मी अंतराला खरे ठेवले, आणि काट्यासाठी चुंबक पुन्हा भारून घेतला. त्या गृहस्थांनी तो आधी गरजेहून अधिक भारला आणि मग थोडा थोडा उतरवत आणला, काटा ६० ऐवजी ६२ दाखवील असा. एवढे पुढे राहू दे, असे ते म्हणाले, आणि मलाही ते पटले.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा काटा इतक्या संथपणे चढला की मी दोनदा मीटरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. थरथर नाही, टकटक नाही, सतरंजीखाली कंप नाही. मागे बसलेली माझी पुतणी म्हणाली, ‘‘आत्या, गाडी शांत झाली.’’ ती कौतुकाने म्हणाली होती. मी हो म्हटले, आणि चाळीसच्या वेगाला सवयीने पाय त्या जागी सरकवला.

काही दिवसांनी मागे घेताना एक गोष्ट ध्यानात आली. गाडी उलट चालवली की जुना काटा शून्याच्या खुंटीवर दाबला जाई आणि माझ्या मीटरची चक्रे उलटी फिरत. मागे गेलेले अंतर ते प्रामाणिकपणे वजा करत असे. नव्या सेन्सरला दिशा कळत नाही. दाता पुढून गेला काय आणि मागून गेला काय, स्पंद तो स्पंदच. आता मागे जाणेही पुढे जाण्यातच जमा होते.

रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने अंतर मोजणाऱ्या एका गाडीचे वर्णन करून ठेवले आहे. साडेबारा रोमन फूट घेराचे चाक, त्याचे चारशे फेरे झाले की एक मैल, आणि दर मैलाला दातेरी चाकाच्या भोकातून एक खडा खालच्या भांड्यात पडतो. दिवसअखेर खडे मोजायचे. ती गाडी बैलांनी ओढली, माणसांनी ढकलली किंवा उतारावरून आपोआप गडगडली, खडा पडणारच. रविवारी फरशी धुताना, झाडूने पाणी लोटता लोटता, मला ती खड्यांची गाडी आठवत होती आणि मग हळूहळू उमगले की मला नेमके काय टोचते आहे. केबल काढताना मी जे गमावते आहे असे वाटले होते, ते काट्याकडे नव्हतेच. वेग तर त्या मीटरने नेहमीच फटीपलीकडून, ओढीवरून ताडला होता. त्यात वीज आली काय आणि नाही काय, एका फटीच्या दोन फटी झाल्या एवढेच. अंतराचे तसे नव्हते. तिथे खरोखरच दात्यात दाता होता, चाकापासून थेट त्या शेवटच्या चक्रापर्यंत. गाडी टो करून नेली, ढकलली, झोपलेल्या गाडीला कोणी बाजूला सरकवले, तरी प्रत्येक मीटर नोंदला जात होता. मी ज्या आकड्यासाठी काट्याचा सोपा उपाय नाकारला, त्याच आकड्याचा हात मी गिअरबॉक्सपाशी सोडवला होता.

संध्याकाळी फरशी वाळल्यावर गाडी आत घ्यायची वेळ आली. या खेपेला मी किल्ली फिरवून ठेवली आणि भावाला म्हटले, ‘‘सावकाश ढकल.’’ गाडी मागे मागे आत गेली, पंधरा मीटर, आणि चक्र तरीही स्तब्ध. ताशी चार किलोमीटरच्या खाली सेकंदाला दहासुद्धा स्पंद येत नाहीत, आणि एवढ्या थोड्या स्पंदांवर ती छोटी मोटर अडखळेल म्हणून डबी तिला फिरवतच नाही. हे मला डबीसोबतच्या कागदावर वाचलेले आठवत होते. तरी मी चक्राकडे पाहत राहिले.

भाऊ हात धुवायला गेला. मी डॅशबोर्डखाली आडवी झाले, चाचपडत डबीजवळची खाचांची चकती सैल केली आणि वीतभर केबलचे चौकोनी टोक मोटरमधून बाहेर काढले. ते दोन बोटांत धरून, मान वाकडी करून खिडकीतले शेवटचे चक्र दिसेल अशी पडून, मी ते पुढे फिरवू लागले. एक मीटर, दोन मीटर. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला चक्र हलले, अगदी आत कुठेतरी सैल होते ते घट्ट झाल्यासारखे, आणि मग प्रत्येक फेऱ्याबरोबर अंकाची खालची कड किंचित किंचित वर सरकत गेली. पंधरा झाले तेव्हा थांबले. ही सकाळची चाल झाली. मग बोटे ग्रीसने निसरडी झाली होती ती साडीच्या पदराला पुसली, आणि उलट दिशेने पुन्हा पंधरा फेरे मोजले. चक्र आले त्याच वाटेने परत गेले आणि अंक पूर्वी होता तिथेच येऊन उभा राहिला.

चकती आवळून मी बाहेर आले. भावाने विचारले, ‘‘ताई, काही बिघडलं आहे का?’’

नाही, म्हटले, फक्त जोडून पाहत होते.